गोंडा, चंबल आणि आमच्या घरचा गोंधळ

मुलाच्या लग्नानंतर आमच्या घरी गोंधळ घालायचा होता, आणि तो मी घातला.

हे वाक्य ऐकून आमचे नातेवाईक अजूनही पोट धरून हसतात. इतरांसाठी थोडं सांगायला हवं. घरात लग्नकार्य पार पडलं की देवीचा गोंधळ घालायचा, ही आमच्या साताऱ्याकडच्या घराची रीत. तीन-चार गोंधळी येतात, तांदळाचा चौक मांडतात, पाच उसांचा मांडव उभारतात, दिवटी पेटवतात आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीवर गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलावतात. बस, एवढंच. गावी असतो तर एका निरोपावर काम झालं असतं. पण आम्ही राहत होतो लखनऊला, अलीगंजात. आमचे हे तिथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, मी निशातगंजच्या एका बँकेत, मुलगा अमेय लखनऊमध्येच वाढलेला आणि सून गरिमा तर तिथलीच, मिश्रांची मुलगी. संबळ हा शब्द उच्चारला तर चार गल्ल्यांत कुणाला समजला नसता.

आणि घरात होत्या माई. माझ्या सासूबाई. वय एक्याऐंशी, गुडघे त्याहून थोडे मोठे. लग्नाची हळद उतरायच्या आत त्यांनी विषय काढला.

"सुधा, गोंधळाचं काय केलंस?"

"माई, इथे गोंधळी कुठून आणायचे?"

"मग मी गावी जाते. नव्या सुनेला घेऊन जाते आणि तिथे घालते. रिझर्वेशन करा."

डॉक्टरांनी माईंना जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलं होतं. त्या दोन रात्रींच्या प्रवासाला निघाल्या होत्या! हे माझ्याकडे बघायला लागले. अमेय छताकडे बघायला लागला. गरिमा घरात येऊन चारच दिवस झालेले, ती बिचारी सगळ्यांकडे आळीपाळीने बघायला लागली. आणि मी बोलून गेले.

"माई, काळजी करू नका. नेटवर सगळं मिळतं. मी शोधते."

आता मी हे एवढ्या तोऱ्यात का म्हणाले, तेही सांगते. वर्षभरापूर्वी बँकेने मला तीन दिवसांच्या कॉम्प्युटर ट्रेनिंगला पाठवलं होतं. त्यातला शेवटचा अर्धा दिवस 'इंटरनेटवर माहिती कशी शोधावी' यावर होता. (त्या अर्ध्या दिवसातला अर्धा भाग मी जेवणानंतरच्या गुंगीत काढला होता, पण सर्टिफिकेटवर तसं लिहिलेलं नव्हतं.) घरी आल्यावर आम्ही ब्रॉडबँड घेतलं आणि मी गल्लीची अधिकृत शोधकर्ती झाले. कुणाच्या मुलीचा रिझल्ट, कुणाच्या गाडीची वेळ, शेजारच्या सक्सेनाजींच्या कंबरदुखीवरचा व्यायाम, सगळं मी दोन बोटांनी टाइप करून काढून द्यायचे. लोक 'मैडम, आप तो एक्सपर्ट हैं' म्हणायचे. मी 'अरे नहीं नहीं' म्हणायचे आणि मनात 'आहेच मुळी' म्हणायचे.

त्याच संध्याकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसले. शेजारी खुर्ची ओढून माई बसल्या, चष्मा पुसून, सिनेमाला बसावं तशा.

मी इंग्रजी अक्षरांत 'गोंधळ लखनऊ' असं टाइप केलं.

कॉम्प्युटरने मला नम्रपणे विचारलं, तुम्हाला 'गोंडा लखनऊ' म्हणायचंय का? आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याने लखनऊहून गोंडा जिल्ह्याला जाणाऱ्या सगळ्या गाड्यांचं वेळापत्रक समोर ठेवलं.

"काय म्हणतोय?" माईंनी विचारलं.

"गोंड्याला जा म्हणतोय."

"तिथे गोंधळी असतात?"

"नाही माई. तिथे साखर कारखाने असतात."

"मग आपल्याला कशाला पाठवतोय?"

मी म्हटलं, जरा नेमका शब्द टाकू. गोंधळी नाही तर नाही, वाद्य शोधू. संबळ टाइप केलं. पहिल्या पानावर दहाच्या दहा ठिकाणी लालभडक मिरच्यांचे फोटो आले. त्या नावाची परदेशात कुठेतरी झणझणीत चटणी असते म्हणे! लसूण, मिरची, मीठ, खलबत्त्यात कुटा. माईंनी ते फोटो लक्ष देऊन पाहिले आणि 'आपला ठेचाच की' असा निकाल दिला. मग मी 'संबळवाले' टाकलं. तर कॉम्प्युटर म्हणाला, 'चंबलवाले' का? आणि मिशांचे आकडे वळवलेले, खांद्याला बंदुका लावलेले सहा इसम पडद्यावर आले.

माई पुढे वाकल्या. "हे गोंधळी?"

"दरोडेखोर, माई."

"मिशा मात्र आपल्या शंकर गोंधळ्यासारख्याच आहेत," माई म्हणाल्या. शंकर गोंधळी म्हणजे आमच्या लग्नातला. तो वारूनही पंधरा वर्षं झाली होती.

चार दिवस हे चाललं. माझ्या शोधाची कीर्ती गल्लीत पसरली. सक्सेनाजी सकाळी स्कूटर पुसता पुसता विचारायचे, "मिल गया मैडम, आपका वो गोदाम?" तिकडे माई रोज एकदा प्रवासाची बॅग उघडून बघायच्या आणि पुन्हा बंद करायच्या. ती चेन सरकल्याचा आवाज आला की माझी बोटं आपोआप कीबोर्डवर जायची.

पाचव्या दिवशी मला सुचलं. आमच्याकडे नुसतं गोंधळ म्हणत नाहीत, बरेच जण जागरण-गोंधळ असं जोडीने म्हणतात. मी 'जागरण गोंधळ लखनऊ' असं टाकलं आणि अहो आश्चर्यम्! पहिल्याच नंबरावर एक वेबसाइट! पानभर झगमगणारे तारे, मधोमध देवीचा फोटो, खाली लाल अक्षरांत 'बबलू बेकरार एंड पार्टी, जागरण, चौकी, झाँकी, भजन संध्या'. आणि पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, चक्क 'गोंधळ' हा शब्द!

मी खुर्चीतून उडालेच. "माई! सापडला! लखनऊमध्येच!"

गरिमा चहा घेऊन आली होती. तिने पडद्याकडे पाहिलं, जरा घुटमळली आणि हळूच म्हणाली, "मम्मीजी, यहाँ नीचे तो बहुत सारे वर्ड्स एक साथ लिखे हैं. कथक, भांगड़ा, गरबा, लावणी, गोंधल, नौटंकी, जादूगर, गुब्बारे की सजावट..."

"अगं, मोठी पार्टी असेल," मी म्हणाले. "सब करते होंगे."

ती नवी सून होती. चहा ठेवून गेली. आजची गरिमा असती तर माझ्या हातातून माउस काढून घेतला असता.

मी ताबडतोब फोन लावला.

"बबलू बेकरार बोल रहे हैं," पलीकडून मधाळ आवाज आला. "हुक्म कीजिए."

"भैया, आप गोंधळ करते हैं?"

"मैडम, हम क्या नहीं करते!"

"मतलब महाराष्ट्रवाला. देवी का."

"महाराष्ट्रवाला स्पेशल करेंगे. बेटे की शादी हुई है? बहुत मुबारक!"

हा माणूस न सांगता ओळखतोय म्हणजे जाणकार आहे, असं मला वाटलं. तरी मी ट्रेनिंग घेतलेली बाई. खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जाणार नव्हते.

"संबळ है आपके पास?"

"सब सँभल जाएगा मैडम, आप टेंशन मत लीजिए."

"और तुणतुणं? वो एक तार का होता है."

"तार-वार सारा हमारा रहेगा. आप बस बिजली का एक पॉइंट दे दीजिएगा."

"कितने लोग आएँगे?"

"बाईस."

गावाकडे चार येतात, इथे बावीस! मी म्हटलं, लखनऊचं सगळंच ऐसपैस. मग बबलूजींनी आपण होऊन सांगितलं, "और मैडम, शेर भी रहेगा."

"शेर भी?"

"बिना शेर के माता रानी का क्या मज़ा!"

मी फोन ठेवला आणि घरात जाहीर केलं की गोंधळ ठरला, आणि गाव लखनऊ असल्यामुळे मध्ये मध्ये शेरोशायरीही आहे. माई म्हणाल्या, "देवीसमोर शायरी?" मी म्हटलं, "माई, इथली पद्धत. व्याह्यांनाही बरं वाटेल." माईंनी बॅगेतली लुगडी काढून पुन्हा कपाटात ठेवली. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी बँकेत तीन जणांना हसून नाही म्हणाले. (एरवी मी नुसतीच नाही म्हणते.)

"एकदा जाऊन भेटून ये त्यांना," हे म्हणाले. "एखादा प्रयोग करायचा तर आम्ही आधी छोटा करून बघतो."

"अहो, वेबसाइट आहे त्यांची!" मी अशा आवाजात म्हणाले की यांना प्रश्न विचारल्याचीच लाज वाटली.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मिश्रा मंडळींना गोंधळ म्हणजे काय हे कळायला हवं ना? व्याही मिश्राजी निवृत्त मुख्याध्यापक. छापील काहीही दिसलं की पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारे. म्हणून मी नेटवरून माहिती गोळा करून 'गोंधळ : महाराष्ट्राची एक लोककला' असा दोन पानांचा इंग्रजी कागद तयार केला. इकडून परिच्छेद उचल, तिकडे चिकटव. संबळ या वाद्याची माहिती चिकटवत असताना माईंनी ऊस किती आणायचे म्हणून हाक मारली, मी उठून गेले, परत आले, आणि न वाचता पन्नास प्रती काढल्या.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. घरासमोरच्या पार्कात मांडव घातला. माईंनी स्वतः बसून तांदळाचा चौक मांडून घेतला, कलश ठेवला, अमेयकडून दिवटी तयार करून घेतली. पाच ऊस सांगितले होते, भाजीवाल्या भैयाने शादीवालं घर म्हणून अख्खी मोळी आणून टाकली. संध्याकाळी पाचला पाहुणे जमले. मराठी मंडळातली पंधरा-वीस माणसं एका बाजूला, मिश्रांकडची चाळीसेक दुसऱ्या बाजूला. मी सगळ्यांना कागद वाटले. मिश्राजींनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

पाच मिनिटांनी ते माझ्याजवळ आले. अतिशय अदबीने म्हणाले, "समधनजी, बहुत ज्ञानवर्धक लेख है. बस एक शंका है. ये जो संबळ है..."

"जी, वाद्य है. बजाते हैं."

"जी, वही. इसमें लहसुन बजाने से पहले डालते हैं या बाद में?"

मी कागद ओढून घेतला. दुसऱ्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात, ठळक अक्षरांत लिहिलं होतं की उत्तम संबळसाठी ताज्या लाल मिरच्या देठ काढून कुटाव्यात आणि हवाबंद बरणीत आठवडाभर ठेवाव्यात.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ट्रकचा हॉर्न वाजला. एक नव्हे, दोन ट्रक! पहिल्यात माणसं, दुसऱ्यात जनरेटर, माणसाच्या उंचीचे आठ स्पीकर, गोल गोल फिरणारे दिवे आणि थर्मोकोलची एक संपूर्ण गुहा. ट्रक वळता वळेना, म्हणून गल्लीतल्या सगळ्या स्कूटर उचलून फुटपाथवर ठेवल्या. अर्ध्या तासात माईंनी मांडलेल्या चौकाच्या मागे वैष्णोदेवीचा डोंगर उभा राहिला. शेवटी अंगभर टिकल्यांचा कुर्ता घातलेले बबलू बेकरार उतरले आणि हात जोडून म्हणाले, "मैडम, कैसा लगा?"

"भैया, ये... गोंधळ?"

"स्पेशल!" ते म्हणाले. "वो देखिए, शेर भी लाए हैं."

ट्रकच्या फळीवरून एक सिंह खाली उतरत होता. पिवळ्या मखमलीचा, लोकरीची आयाळ, मागे दीड हात शेपूट. त्याने मला पंजा उचलून नमस्कार केला आणि म्हणाला, "भाभीजी, पानी मिलेगा?"

मला त्या क्षणी सगळं लख्ख समजलं. हे इकडचं, उत्तरेतलं माता रानीचं जागरण होतं. फोनवरचं एकेक वाक्य डोक्यात फिरून गेलं. मी माईंकडे पाहिलं. माई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि सिंहाकडे बघत होत्या. मग त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"सुधा, हा शायर का?"

तेवढ्यात पाचही बोटांत अंगठ्या घातलेला एक चमकणारा हात ऑर्गनवर पडला, आठही स्पीकर एकदम गरजले आणि एका चालू सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर देवीचं भजन सुरू झालं. मिश्रा मंडळी खूश! चाचीजी, बुआजी, सगळ्या उठून नाचायला लागल्या. "वाह, महाराष्ट्र में भी बिल्कुल हमारे जैसा होता है!" असं त्या आनंदाने ओरडून सांगत होत्या. मराठी मंडळ माहितीच्या कागदाने वारा घेत बसलं होतं. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "छोटा प्रयोग करून बघायला हवा होता." मी म्हटलं, "आत्ता नको, प्लीज."

पण मला सर्वांत वाईट वाटलं ते माईंचं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बसून होत्या, मांडीवर हात ठेवून, पदर नीट करत. त्यांच्यासमोरचा तो छोटासा कलश स्पीकरच्या दणक्याने थरथरत होता आणि त्या दर थोड्या वेळाने वाकून तो सारखा करत होत्या. गरिमा त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. तिला काय समजलं कोण जाणे, पण तिने दुसऱ्या बाजूने कलश धरून ठेवला.

आणि मग सिंहाची एंट्री झाली.

सिंहाने मांडवाला एक फेरी मारून गुहेत जायचं, असं ठरलेलं होतं. तो ऐटीत निघाला. पण अलीगंजच्या कुत्र्यांनी आजवर गाय पाहिली होती, माकड पाहिलं होतं, एकदा हत्तीसुद्धा पाहिला होता. सिंह पाहिला नव्हता. पार्काच्या कोपऱ्यात झोपलेली पाच कुत्री एकदम उठली आणि त्यांनी जो गिल्ला केला! सिंह क्षणभर थांबला. त्याने एकदा गुरगुरून पाहिलं. (तो काही त्याच्या कामाचा भाग नव्हता, पण माणूस प्रामाणिक.) त्यावर एका काळ्या कुत्र्याने त्याची शेपूट पकडली. मग मात्र सिंह "बबलू भैया, बचाओ!" असं ओरडत चौखूर पळाला. आधी नाचणाऱ्या चाचीजी-बुआजींच्या मधून, मग जिलबीच्या टेबलाखालून आणि शेवटी फुटपाथवर सक्सेनाजींच्या स्कूटरच्या सीटवर.

"अरे मेरी स्कूटर! नई सीट है!" सक्सेनाजी किंचाळले.

या धावपळीत सिंहाच्या पायात जनरेटरची जाडजूड वायर अडकली. ती त्याच्याबरोबर निघाली. एक ठिणगी उडाली आणि दिवे, स्पीकर, ऑर्गन, डोंगरावरची रोषणाई, सगळं एकदम बंद!

अंधार पडायला लागला होता. एवढ्या दणदणाटानंतर इतकं शांत झालं की लोकांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. उजेड फक्त एकच होता, माईंच्या पुढ्यातल्या दिवटीचा.

त्या उजेडात माई उठून उभ्या राहिल्या. गरिमाच्या खांद्यावर हात ठेवून. एक्याऐंशी वर्षांत त्यांनी घरातले, भावकीतले किती गोंधळ ऐकले असतील! त्यांनी एकदा घसा साफ केला आणि हाक घातली. माइकशिवाय. गाणंही धड नव्हे, बोलणंही नव्हे, दुरून कुणाला घरी बोलवावं तशी हाक. तुळजापूरच्या भवानीला बोलावलं, कोल्हापूरच्या अंबाबाईला बोलावलं, माहूरच्या रेणुकेला, जेजुरीच्या खंडोबाला. प्रत्येक गावाचं नाव घ्यायच्या आणि देवाला गोंधळाला यायचं आवतण द्यायच्या. आवाज थरथरत होता, पण नाव एकही चुकत नव्हतं.

चौथ्या-पाचव्या नावाला अंधारातून ढोलकीवर थाप पडली. बबलूंच्या पार्टीतला एक म्हातारा ढोलकवाला होता. त्याला शब्द कळत नव्हता, पण हाक कळली असावी. नाव आलं की तो थाप द्यायचा. मग मराठी मंडळाने कागद खाली ठेवले आणि प्रत्येक नावानंतर "उदो! उदो!" अशी साथ द्यायला सुरुवात केली. बबलू बेकरार कान देऊन ऐकत होते. पक्का धंदेवाईक कलाकार! दोन वेळा ऐकलं आणि तिसऱ्यांदा आपल्या बावीस माणसांना हात वर करून सूर दिला, "बोलो, ऊधो! ऊधो!"

मिश्राजी माझ्या शेजारी उभे होते. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "समधनजी, कृष्ण के सखा उद्धव का भी स्मरण होता है इसमें? ये तो लेख में नहीं था."

मी म्हटलं, "जी, रह गया." जास्त खुलासा करायची माझ्यात ताकद नव्हती.

माईंचे गावाकडचे सगळे देव बोलावून झाले. मग म्हणाल्या, "आणि अलीगंजच्या मारुतीला, गोंधळाला या!" सगळा पार्क, इकडचे आणि तिकडचे, एका आवाजात ओरडला. स्कूटरवरून उतरवलेला सिंहसुद्धा मुंडकं काखेत घेऊन ओरडत होता. माईंनी गरिमाच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाल्या, "झालं माझं. आता गावी जायला नको."

मला इतकं रडू आलं! पण मी बाजूला तोंड करून जिलब्या मोजत असल्याचं दाखवलं.

जाताना बबलूजींना मी धीर करून विचारलं, "भैया, आपकी वेबसाइट पे गोंधळ लिखा था?"

"लिखा है? क्या पता!" ते निरागसपणे म्हणाले. "वेबसाइट तो हमारे भतीजे ने बनाई है. कहता था, जितने शब्द डाल दो उतने फ़ोन आएँगे. पर मैडम, माताजी कमाल हैं. कभी हमारे साथ प्रोग्राम करेंगी?"

त्यानंतरच्या सोमवारी मी बँकेत काउंटरवर बसले होते. दर महिन्याला पासबुक भरायला येणारे एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. मानक नगरच्या रेल्वे वसाहतीत उभी नोकरी केलेले, आता निशातगंजला मुलाकडे राहणारे. मराठी आहेत एवढं मला ठाऊक होतं, कारण ते माझ्याशी दर वेळी "उकडतंय, नाही?" एवढं एक वाक्य बोलायचे. त्या दिवशी मीच त्यांना रंगवून सगळी गोष्ट सांगितली. गोंडा, चंबल, मिरच्या, सिंह. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे संबळ वाजवणारा हवा होता होय तुम्हाला?" शेवटी ते म्हणाले.

"हो ना! अख्खं इंटरनेट पालथं घातलं हो. लखनऊमध्ये एक माणूस सापडेल तर शपथ."

"माझ्याकडे आहे की संबळ. वडिलांचा. नवरात्रात वाजवतो घरी. आमचं घराणंच ते."

"तुम्ही? अहो, मग कधी बोलला नाहीत!"

त्यांनी माझ्या हातातल्या पासबुकाकडे बोट दाखवलं. मी खाली पाहिलं. मग कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. दोन्हीकडे एकच नाव होतं, आणि ते सात वर्षं दर महिन्याला मीच, माझ्याच दोन बोटांनी, टाइप करत आले होते : दत्तात्रय मारुती गोंधळी.

"मला वाटलं, ते आडनाव आहे," मी म्हणाले.

"आडनावच आहे," ते म्हणाले. "उकडतंय, नाही?"

पुढच्या नवरात्रात गोंधळीकाका आमच्या घरी आले, कपड्यात गुंडाळलेला संबळ घेऊन. असा वाजवला की सक्सेनाजी जिन्यातच उभे राहून ऐकत होते. माईंनी त्यांना ओवाळलं, नारळ दिला आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"गुणी माणूस गं! कुठे सापडला तुला हा?"

पाठीमागे हे उभे होते, अमेय होता, गरिमा होती. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पोळी उलटली आणि म्हणाले, "नेटवर, माई."